आधी ठिकाण, मग चोच, शेवटी रंग

फेब्रुवारी सरत आला की गडचिरोलीतल्या आरमोरी, वैरागड या पट्ट्यात धानाच्या रिकाम्या बांध्यांच्या धुऱ्यांवर पळस फुलतो. त्याच दिवसांत फोनवरून एकमेकांना पाठवल्या जाणाऱ्या फोटोंमध्ये एक चिमुकला पक्षी हमखास असतो. अंग काळेनिळे, चोच लांब आणि खाली वाकलेली, पंख धूसर, आणि सगळा देह फुलासमोर हवेत थांबलेला. फोटोखाली बहुतेक वेळा ‘हमिंगबर्ड’ असे लिहिलेले असते. भारतात हमिंगबर्ड नाहीत, एवढे सांगून हा विषय मिटवता येतो. पण तेवढ्याने पाठवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पुढच्या फोटोच्या वेळी तो ‘शिंजीर’ म्हणतो आणि जात चुकवतो. फोटोवरून जात ठरवताना आपण रंगापासून सुरुवात करतो, आणि बहुतेक चुकांचे मूळ तिथे आहे, असे या प्रकरणात मांडायचे आहे. फुलांवर जगणाऱ्या या पक्ष्यांच्या बाबतीत रंगाला सर्वांत शेवटी विचारावे. आधी ठिकाण पाहावे, मग महिना, मग शरीराची ठेवण. या तिघांनी पर्याय कमी केले की मगच रंग उपयोगी पडतो.

ठिकाणापासून सुरुवात करू. हमिंगबर्डच्या सुमारे ३६० जाती आहेत आणि त्या सर्व अमेरिका खंडांत, उत्तरेला अलास्कापासून दक्षिणेला तिएरा देल फ्वेगोपर्यंत, राहतात. आफ्रिका आणि आशियाच्या उष्ण भागांत फुलांतला मध पिण्याचे काम प्रामुख्याने शिंजीर कुळाकडे आहे; त्याच्या जाती दीडशेच्या आसपास. दोन्ही कुळे एकमेकांची जवळची नातेवाईक मुळीच नाहीत. हमिंगबर्डचे नाते पाकोळ्यांशी आहे, तर शिंजीर हा चिमणी-बुलबुलांसारखा फांदीवर बसणारा गाणारा पक्षी. बारीक चोच, नळीसारखी जीभ, लहानसा देह आणि चमकदार पिसे हे साम्य वेगवेगळ्या वाटांनी एकाच अन्नापाशी पोहोचल्यामुळे आले आहे. हा फरक फोटोतही सापडतो, पण तो पायांत. हमिंगबर्डचे पाय इतके तोकडे असतात की त्याला फांदीवर नीट चालताही येत नाही. शिंजीर मात्र पळसाच्या देठाला पकडतो, उलटा लोंबकळतो, एका फुलावरून दुसऱ्यावर सरकतो. फोटोत पायांची बोटे देठाभोवती घट्ट वळलेली आणि अंग वाकवून चोच फुलात घातलेली दिसली, तर कुळाचा प्रश्न तिथेच सुटतो. रंगाकडे पाहण्याची गरजही पडत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो फेटाळण्याजोगा नाही. पक्ष्याला नकाशा कळत नाही. अमेरिकेतला पक्षी इथे कधीच येणार नाही, हे कशावरून? शिवाय हमिंगबर्ड कायमच अमेरिकेपुरते नव्हते. जर्मनीतल्या फ्राउएनवायलर इथल्या खाणीतून मिळालेल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचे वर्णन गेराल्ड मायर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात आधुनिक हमिंगबर्डसारखी लांब चोच आणि हवेत थांबण्याला योग्य अशी खांद्याची हाडे दिसतात. म्हणजे जुन्या जगातही हे पक्षी एकेकाळी होते. मात्र या पुराव्यातून इतकेच सिद्ध होते की कुळांच्या सीमा कोट्यवधी वर्षांत बदलतात. यंदाच्या पळसावर कोण बसला आहे, याबद्दल त्यातून काही कळत नाही. राहिला पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्याचा मुद्दा. हमिंगबर्डचे सबंध कुळ धोक्यातील वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराखाली येते, आणि ते पाळायला अवघड, कारण त्यांना दिवसभर थोड्या थोड्या वेळाने साखरेचे अन्न लागते. हे अशक्य आहे असे कोणी म्हणत नाही. पण ज्या गोष्टीची शक्यता अतिशय कमी, तिच्यासाठी पुरावा तितकाच भक्कम हवा. धूसर पंखांचा एक फोटो तेवढा भक्कम नसतो.

‘हमिंगबर्ड’ म्हणून येणाऱ्या फोटोंतले काही तर पक्ष्यांचेच नसतात. बागेतल्या फुलांवर किंवा घाणेरीवर, जिला विदर्भात रायमुनिया म्हणतात, संध्याकाळी एक गुबगुबीत जीव हवेत स्थिर राहून लांब सोंड फुलात घालताना दिसतो. हा असतो मॅक्रोग्लॉसम गटातला पतंग, किंवा पारदर्शक पंखांचा सेफोनोडेस हायलस. या दुसऱ्याच्या अळ्या डिकेमालीच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. अशा पतंगांनी फसणारे आपण पहिलेच नाही. निसर्ग-अभ्यासक हेन्री वॉल्टर बेट्स १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षे ॲमेझॉनच्या खोऱ्यात होते. हमिंगबर्ड समजून पतंगच गोळी घालून पाडल्याचे प्रसंग अनेकदा घडले, असे त्यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. जिथे हमिंगबर्ड पावलोपावली आहेत, तिथे तरबेज डोळ्याचीही ही गत. फोटोत ही चूक व्हायचे आणखी एक कारण आहे. फोटोला स्वतःचे माप नसते. चार-पाच सेंटिमीटर पंखविस्ताराचा पतंग आणि दहा सेंटिमीटर लांबीचा पक्षी स्क्रीनवर सारखेच मोठे दिसतात. माप फुलाकडून घ्यावे लागते. घाणेरीच्या बोटभर रुंदीच्या गुच्छाएवढाच जीव असेल, तर तो पक्षी असणार नाही. मग डोक्यावर दोन स्पृशा दिसतात का, सहा पाय आहेत का, चोच म्हणतो ती सोंड टोकाशी गुंडाळते का, हे पाहावे. हे सारे आकाराचे प्रश्न आहेत, रंगाचा त्यांच्याशी संबंध नाही.

हवेत थांबण्याच्या सवयीवर लोकांचा फार विश्वास असतो, आणि फोटो नेमका तिथेच दगा देतो. फोटोमध्ये काळ नसतो. शिंजीर एखाद्या फुलासमोर क्षणभर पंख फडफडवत थांबतो आणि लगेच देठाचा आधार घेतो. कॅमेऱ्याने तो क्षण पकडला की पाहणाऱ्याला वाटते, हा पक्षी तासन्‌तास असाच जगतो. शिवाय ही सवय कुळाची खूणही नाही. दक्षिण आफ्रिकेत अमेरिकेतून आलेली एक रानतंबाखू पसरली आहे. तिच्या मूळ देशी तिचे परागीभवन हमिंगबर्ड करतात. दक्षिण आफ्रिकेतले शिंजीर या झाडाच्या फुलांसमोर हवेत थांबून मध पितात आणि परागीभवनही करतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले. तेव्हा हवेत थांबलेला दिसतो म्हणून हमिंगबर्ड, हा तर्क टिकत नाही. धूसर पंखांचेही तसेच. अमेरिकेतला माणिककंठी हमिंगबर्ड सेकंदाला सुमारे पन्नास वेळा पंख हलवतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेळ शटर उघडले तरी तेवढ्यात पंखाच्या एका फेऱ्याचा विसावा हिस्सा पार होतो, आणि पंख पुसट उमटतात. शिंजिराचे पंख त्याहून सावकाश हलतात, पण संध्याकाळच्या मंद उजेडात फोनचा कॅमेरा शटर जास्त वेळ उघडे ठेवतो आणि तेच चित्र मिळते. पंख पुसट आले, यातून कॅमेऱ्याविषयी माहिती मिळते, पक्ष्याविषयी फारशी नाही.

आता आपल्या दारातल्या दोन जाती. आरमोरीच्या परिसरात फुलांवर प्रामुख्याने दोन शिंजीर पाहायला मिळतात: जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर. पहिल्याचा विणीच्या काळातला नर साऱ्या अंगाने काळा, आणि त्या काळ्यावर निळ्या-जांभळ्या धातूची झळाळी. दुसऱ्याच्या नराची पाठ तपकिरी-लालसर, गळा व कंबर जांभळी, डोक्यावर आणि खांद्यावर हिरवी चमक, छातीवर गडद पट्टा, आणि त्याखाली पोट पिवळे. वर्णन वाचून वाटते, यांत गोंधळ कसा होईल? गोंधळ होतो, कारण यांतली झळाळी रंगद्रव्याची नाही. पिसांच्या सूक्ष्म फाट्यांमध्ये मेलॅनिनच्या कणांचे अतिशय पातळ थर असतात. त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना बळ देतात किंवा मारतात, आणि डोळ्याला निळा, जांभळा वा हिरवा दिसतो. कोन बदलला की रंग बदलतो. कोन साधलाच नाही, तर उरतो फक्त मेलॅनिनचा काळेपणा. म्हणून एकच जांभळा शिंजीर सकाळच्या उन्हात निळा, तोच मान वळवल्यावर हिरवट आणि मोहाच्या सावलीत कोळशासारखा काळा उमटतो. हमिंगबर्डच्या गळ्यावरच्या पिसांत कणांची रचना थोडी वेगळी असली तरी परिणाम हाच: माणिककंठी नराचा लालभडक गळा अनेक फोटोंत निव्वळ काळा येतो. पळसाची गोष्ट तर आणखी बिकट. केशरी फुलांच्या गर्दीत कॅमेरा आपोआप रंगांचा तोल बदलतो, फोन पुढे त्यात गडदपणा भरतो, आणि पक्ष्याच्या पोटावर फुलांच्या रंगाची छाया पडते ती वेगळीच. एवढ्या हातांतून गेलेल्या रंगावर जात ठरवणे धाडसाचे आहे. पिवळ्या पोटाचा भाग वेगळा. तो पिवळा रंगद्रव्याचा आहे आणि कोनाप्रमाणे बदलत नाही, म्हणून या दोन नरांत पोट आधी पाहावे. गळा आणि डोके नंतर.

रंगावर भिस्त ठेवणाऱ्याची खरी परीक्षा पावसाळ्यानंतर होते. वीण संपल्यावर जांभळ्या शिंजिराचा नर आपली काळी झळाळी टाकून मादीसारखा होतो: वरून मळकट ऑलिव्ह-तपकिरी, खालून पिवळा, आणि हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक गडद पट्टा. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचा नर असा वेष बदलत नाही. मग ऑक्टोबरमधला पट्टेवाला पिवळा पक्षी एखाद्या परदेशी पुस्तकातल्या तिसऱ्याच जातीशी जुळवला जातो. यातून सुटायला महिना लागतो. फोटो कोणत्या महिन्यातला आहे हे कळले की पट्ट्याचे कोडे उलगडते. उलगडले तरी एक प्रश्न उरतो, कारण वयात येणाऱ्या कोवळ्या नरालाही असाच गडद पट्टा असतो. तिथे पंखाच्या खांद्याकडचा भाग पाहावा. प्रौढ नर वेष बदलतानाही तिथली निळी चमक बहुधा राखून असतो, कोवळ्याकडे ती अजून आलेली नसते. माद्यांचा प्रश्न त्याहून नाजूक. जांभळ्या शिंजिराच्या मादीचे खालचे अंग गळ्यापासूनच फिकट पिवळे असते. जांभळ्या पाठीच्या मादीचा गळा पांढुरका-राखाडी, पिवळेपणा छातीपासून सुरू होतो आणि कुशी पुन्हा फिक्या. हा फरक फोटोत टिकतो, कारण इथे रंगाच्या नेमक्या छटेपेक्षा गळा आणि छाती यांच्यात सीमा आहे की नाही, हे पाहायचे असते. उजेड वाईट असला तरी सीमा पुसली जात नाही. मात्र पक्ष्याचा गळाच फुलाआड गेला असेल, तर हा मार्गही बंद होतो.

ठेवणीचा पुरावा घेतानाही हिशेब लागतो. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत लोटेनचा शिंजीर आहे. त्याचा नर जांभळ्या शिंजिराच्या नरासारखाच गडद, पण चोच बरीच लांब आणि जास्त वाकडी. चंद्रपूर-गडचिरोलीतून या जातीचा दावा करणारा फोटो आला, तर सारे काही चोचीवर ठरेल. पण चोच मोजायची, तर पक्ष्याचे डोके पूर्ण बाजूने दिसायला हवे. मान थोडी कॅमेऱ्याकडे वळली की चोच आखूड दिसते, आणि वाकडेपणा कमीजास्त होतो. डोक्याच्या लांबीशी चोचीचे प्रमाण काढावे, ते एका फोटोवरून नव्हे, तर लागोपाठ काढलेल्या आठ-दहा फोटोंतल्या सर्वांत बाजूच्या फोटोवरून. इथे फोटोच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, नाहीतर हे सारे विवेचन फोटोविरुद्धचा खटला वाटेल. काही खुणा डोळ्याला कधीच दिसल्या नसत्या, त्या फोटोने हाती दिल्या. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला रूफस आणि ॲलन हे दोन हमिंगबर्ड इतके सारखे आहेत की माद्या आणि पिल्ले नुसत्या पाहून बहुधा वेगळी काढता येत नाहीत. नरांतही पाठीचा रंग फसवतो, कारण रूफसच्या काही नरांची पाठ ॲलनसारखी हिरवी असते. निर्णय होतो तो शेपटीच्या पिसांवर. मधल्या जोडीच्या शेजारच्या पिसाला खाच आहे का, आणि कडेचे पीस किती अरुंद आहे, हे पाहतात. उडताना शेपटी क्षणार्धात पसरते आणि मिटते; तो क्षण डोळा पकडू शकत नाही, वेगवान शटर पकडते. तिथल्या अभ्यासकांनीही या जोडीपुरता पाठीचा रंग मागे ठेवला आणि पिसांचा आकार पुढे आणला.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. ठिकाणाला एवढे महत्त्व दिले, तर नवे काही सापडणारच नाही. जे यादीत आहे तेच ओळखू आणि जे नाही ते नाकारू. या आक्षेपाचे उत्तर महाराष्ट्राकडेच आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचे पहिले वर्णन पक्षिअभ्यासक ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. त्यासाठीचा नमुना आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात, म्हणजे आपल्या जंगलांच्याच पूर्वेला, मिळाला होता. १८८४ नंतर खात्रीचा एकही नमुना मिळाला नाही. एक अपवाद होता: रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवी इथे मिळवल्याचे सांगितलेला पक्षी. पुढे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने तपासले. कातडे भरण्याची पद्धत पाहता तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला होता. माइनर्ट्‌झहागेन यांनी तो संग्रहालयातून चोरून त्यावर खोटे ठिकाण आणि खोटी तारीख लावली होती. खोटी चिठ्ठी बाजूला काढून खऱ्या नोंदींची ठिकाणे धरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी. तो सर्वत्र आढळणाऱ्या ठिपकेदार पिंगळ्यापासून वेगळा काढला गेला तो डोक्यावर ठिपके जवळपास नसणे, जाड चोच, शेपटीवरचे रुंद पट्टे आणि पायांवरची दाट पांढरी पिसे यांवरून. म्हणजे ठिकाणाला गांभीर्याने घेतल्यामुळे शोध अडला नाही, उलट मार्गी लागला. अडवले ते खोट्या ठिकाणाने. ठिकाणाला पुरावा मानायचे म्हणजे त्याचीही तपासणी करायची. वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरीत काढलेला फोटो पलीकडच्या आरमोरीचा म्हणून नोंदला गेला, तर जिल्हा बदलतो. दुसऱ्याचा, कुठल्या तरी राज्यातला फोटो ‘आपल्या जंगलातला’ म्हणून पुढे ढकलला, तर जातीची अख्खी नोंद दूषित होते. शिंजिराच्या फोटोबाबत मला सर्वांत मोठा धोका हाच वाटतो. जात चुकणे त्यापेक्षा बरे, कारण फोटो हाती असेल तर ती चूक पुढचा कोणी दुरुस्त करू शकतो.

आता यंत्रेच ओळखतात, मग एवढा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेचे मर्लिन हे ॲप फोटो घेतल्यावर विचारते: कुठे आणि कधी? लाखो फोटोंवर शिकलेल्या यंत्रालाही ठिकाण आणि तारीख लागते, यातच या प्रकरणाच्या युक्तिवादाला मोठा आधार आहे. फोनवर पुढे पाठवलेल्या फोटोतून मात्र या दोन्ही गोष्टी बहुधा गळून पडतात. म्हणून मूळ फाइल जपावी, रंगांत फेरफार केलेली प्रत वेगळी ठेवावी, आणि गावाचे नाव, तारीख, झाड ही माहिती फोटोसोबतच लिहून ठेवावी.

झाडाचे नाव लिहिण्याला स्वतंत्र महत्त्व आहे. राजेश टंडन, के. आर. शिवण्णा आणि एच. वाय. मोहन राम यांनी पळसाच्या फुलांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पळसाचे परागीभवन करणाऱ्यांत त्यांना जांभळा शिंजीर आणि खार हे प्रभावी आढळले. तो अभ्यास दिल्लीतला. आपल्याकडे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, पळसाला जळण, पत्रावळी, लाख अशी कितीतरी कामे आहेत, आणि त्याच्या शेंगा धरण्यात इथला कोणता शिंजीर किती वाटा उचलतो, हे विचारण्यासारखे आहे. त्यासाठी फोटोत पक्ष्याची चोच फुलात कुठून शिरते ते दिसायला हवे, कारण शिंजीर काही फुलांची नळी बुडाशी टोचून पराग न वाहताच मध चोरतात. डोक्यावर किंवा गळ्यावर परागाचा पिवळा थर आहे का, तेही पाहायला हवे. घरट्याच्या फोटोंतून यांपैकी काहीच कळत नाही. कोळिष्टके आणि सालीच्या तुकड्यांनी विणलेल्या त्या लोंबत्या थैलीजवळ गर्दी केली तर मादी घरटे सोडून जाऊ शकते, म्हणून तिथला फोटो काढूच नये. आणि जुलैच्या झिमझिम पावसात, गळा फुलाआड गेलेल्या, पाठमोऱ्या मादीचा फोटो असेल तर नोंद अशी लिहावी: शिंजीर, मादी, जात ठरवता येत नाही, आरमोरी तालुका, तारीख, झाड. ही नोंद पूर्ण आहे. तिच्यातला प्रत्येक शब्द खरा असल्याने ती उद्या दुसऱ्या फोटोशेजारी ठेवता येते.